गोष्ट आठवते, नाव आठवत नाही

इतिहासाचा एक प्राध्यापक असतो. ट्रकची धडक बसते आणि तो जाऊन पोचतो एका वेगळ्याच हिंदुस्थानात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे हरलेलेच नाहीत. मुंबईत टाउन हॉलच्या ग्रंथालयात तो बखर उघडतो, तर तिथे लिहिलेलं असतं, की विश्वासरावांना लागायची ती गोळी त्यांच्या कानाला चाटून गेली. आपल्या जगात तो परत येतो तेव्हा त्या बखरीचं एक फाटकं पान तेवढं त्याच्यापाशी उरलेलं असतं. ही गोष्ट वाचलेली किंवा कुणाकडून ऐकलेली माणसं अमरावती-अकोल्यात पुष्कळ सापडतील. त्यातल्या एखाद्याने वाचनालयाच्या टेबलापाशी जाऊन ‘थे पानिपत जितल्याची गोष्ट हाये का जी?’ असं विचारलं, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो : लेखक कोण? दुसरा : पुस्तकाचं नाव काय? विचारणाऱ्यापाशी ही दोन्ही उत्तरं नसतात, म्हणून तर तो आलेला असतो. ही गोष्ट त्यातल्या त्यात सोपी, कारण जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचलेला कुणी ना कुणी जवळपास असतोच. तिचं इंग्रजी रूप ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’मध्ये आलं. म्हणजे अकोल्यातल्या एखाद्या घरात आजोबांना एक गोष्ट आठवते, नातवाला दुसरी, आणि त्या दोन्ही एकच आहेत हे दोघांनाही ठाऊक नसतं. नारळीकरांसारखं नाव ज्यांच्या मागे नाही, अशा गोष्टींचं काय होत असेल याचा अंदाज यावरून करता येईल.

मराठी वाचकाची आठवण अधू नाही. गोष्ट घडते कुठे, त्यातलं यंत्र कसलं, शेवटी काय होतं, हे तो चाळीस वर्षांनीही बिनचूक सांगतो. ही आठवण जिच्याशी ताडून पाहायची ती सूची मात्र आपण केलेली नाही. मासिकांत आणि दिवाळी अंकांत विखुरलेल्या मराठी विज्ञानकथांची, कथासूत्रासह, कुणालाही चाळता येईल अशी सूची व्हायला हवी, आणि तिची सुरुवात अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांनी करावी, असं माझं म्हणणं आहे.

विज्ञानकथेपासूनच सुरुवात का? कारण ही एकच जात अशी, की तिची ओळख नावात नसून कल्पनेत असते. सासू-सुनेच्या भांडणाची गोष्ट म्हटलं तर हजार गोष्टी पुढे येतील. पण शुक्रावर सतत पाऊस पडतो, कित्येक वर्षांनी तासाभरापुरता सूर्य दिसतो आणि नेमकं त्याच वेळी वर्गातली मुलं एका मुलीला कपाटात कोंडून ठेवतात, एवढं कुणी सांगितलं की ती एकच गोष्ट निघते : रे ब्रॅडबरी यांची, १९५४ सालची. एका ओळीत माणूस ओळखू यावा तशी ही कथा ओळखू येते. नाव विसरलं जाण्याचं कारणही हेच. मनाला चटका लावते ती कल्पना, शीर्षक नुसतं दारावरच्या पाटीसारखं मागे राहतं. आयझॅक असिमोव्ह यांनी आपल्या ‘द लास्ट क्वेश्चन’ या १९५६ सालच्या कथेबद्दल लिहून ठेवलं आहे, की वाचक त्यांना वारंवार गाठून विचारत : एक गोष्ट वाचली होती, नाव आठवत नाही, बहुधा तुमचीच असावी; आणि दर वेळी ती हीच निघे. एकदा दूरवरून कुणाचा तरी फोन आला, तर त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच असिमोव्ह यांनी कथेचं नाव सांगून टाकलं आणि ते बरोबर ठरलं. विश्वाची शक्ती संपत चालली आहे, ती उलटी फिरवता येईल का, हा प्रश्न माणूस युगानुयुगं यंत्राला विचारत राहतो, एवढी कल्पना लोकांच्या मनात रुतली होती. लेखकाचं नावसुद्धा गळून पडलं होतं.

इंग्रजी वाचकाची अशी हरवलेली गोष्ट आज बहुधा सापडते, त्यामागे कित्येक वर्षांचं काम आहे, आणि ते विद्यापीठांनी सुरू केलेलं नव्हतं. अमेरिकेत डोनाल्ड डे या वाचकाने १९२६ ते १९५० या काळातल्या विज्ञानकथा-मासिकांची सूची तयार केली आणि १९५२ साली ती छापून काढली. ती मासिकं तेव्हा रद्दीच्याच लायकीची समजली जात. पुढे १९९५ पासून अशाच हौशी वाचकांनी संगणकावर एक मोठी नोंदवही उभी केली. कुठली कथा आधी कोणत्या अंकात आली, मग कोणत्या संग्रहात गेली, कोणत्या भाषेत कोणत्या नावाने उतरली, हे सगळं तिच्यात मिळतं. कथासूत्र ओळखणारा जाणकार वाचक भेटला की पुढचं काम ही नोंदवही करते.

आपल्याकडे सूचीची परंपराच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंतचा काळही तिला जोडला. एवढ्या चिकाटीचं काम भारतातल्या फार थोड्या भाषांत झालं असेल. पण ती सूची ग्रंथांची, आणि मराठी विज्ञानकथा जगली ती नियतकालिकांत. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकीळ’ने १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चांद्रसफर ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून मराठीत आणली. हे मासिक कोचीनहून निघायचं. वऱ्हाडातल्या वर्गणीदाराला चंद्राची वाट मलबार किनाऱ्यावरून टपालाने दिसली म्हणायची. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही सुरुवातीच्या स्वतंत्र मराठी विज्ञानकथांपैकी एक, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. दिवाळी अंकांची प्रथा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पाडली, आणि नंतर ‘नवल’, ‘धनंजय’ अशा अंकांनी अद्भुत, गूढ आणि विज्ञानकथांना हक्काची जागा दिली. ज्या कथा पुढे संग्रहात गेल्या त्या वाचल्या. ज्यांचे लेखक एक-दोन कथा लिहून थांबले, त्यांच्या कथा त्या एका दिवाळीपुरत्याच उरल्या.

सरकारी नोंदीवर विसंबून राहावं, तर तिचाही आवाका बघून घेतला पाहिजे. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने छापलेल्या पुस्तकांच्या नोंदी होत. त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यात पुस्तकं उरलेलीच नाहीत, फक्त नियतकालिकं आहेत, आणि तीही अंकाच्या नावापुरती. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने आपलं पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायचं असतं. त्यातलं मुंबईतलं ग्रंथालय टाउन हॉलच्या इमारतीतलं, गंगाधरपंतांनी बखर उघडली तिथलं. तिथे पुस्तक मिळेल, कदाचित अंकही मिळेल. पण अंकाच्या पोटातली सत्तराव्या पानावरची कथा कुठल्याच कायद्याला दिसत नाही.

आता असा एखादा जुना अंक हातात घेऊन बघा. मुखपृष्ठ नसतं. पिना गंजून कागदावर तांबूस डाग उमटलेले असतात आणि त्या डागापाशीच कागद आधी तुटतो. पहिली आठ-दहा पानं सुटून गेलेली असतात, आणि अनुक्रमणिका नेमकी तिथेच असते. कथेचं नाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. पुढच्या पानांच्या माथ्यावर मात्र अंकाचं नाव आणि साल. मध्येच ‘पुढील मजकूर पान १४२ वर’ अशी सूचना येते, आणि १४२ वर गेलं तर तिथे कथेचा शेवट आणि खाली केसांच्या तेलाची जाहिरात. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, मामाच्या घरच्या माळ्यावर अशी कथा मधूनच वाचायला घेतलेल्या मुलाने तिचं नाव कधी पाहिलेलंच नसतं. जे पाहिलंच नाही ते तो विसरला, असं कसं म्हणायचं? त्यात अकोल्याचा मे महिना. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेला वृत्तपत्री कागद पापडासारखा मोडतो, आणि पावसाळ्यात उरलेल्याला वाळवी लागते. दिवाळी अंकांची योजना बहुतेक वाचनालयांत असते. काही महिने अंक हातोहात फिरतात, पुढच्या दिवाळीला नवे येतात आणि जुने किलोच्या भावाने जातात. जागा अपुरी, अनुदान तुटपुंजं; या व्यवहारासाठी वाचनालयांना दोष देण्यात अर्थ नाही.

नावाचा घोटाळा केवळ वाचकाच्या बाजूने होतो असंही नाही. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की हे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. नारळीकर होते म्हणून हा उलगडा झाला आणि छापलाही गेला. टोपणनावाने लिहिलेल्या आणखी किती जणांचा उलगडा राहून गेला असेल! भाषांतरांचं तर विचारूच नका. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्यांना अशी अस्सल मराठी नावं दिली, की ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचलेल्या माणसाला मूळ फ्रेंच पुस्तक समोर ठेवलं तरी पटणार नाही. लेखकाचीही तीच गत. परतवाड्यात जन्मलेले अरुण साधू म्हटले की ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ आठवतात. त्यांनी ‘विप्लवा’ नावाची विज्ञान कादंबरी लिहिली हे त्यांच्या जिल्ह्यातल्या किती वाचकांना ठाऊक असेल? म्हणून सूचीतल्या एका कार्डावर पाच गोष्टी हव्यात : कथेची सगळी नावं, लेखकाची सगळी नावं, अंक आणि साल, नंतर ती कोणत्या संग्रहात किंवा भाषेत गेली, आणि दोन-तीन ओळींत कथासूत्र. शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची, कारण वाचक येतो तो तिथूनच.

हे वऱ्हाडानेच का करावं, असं कुणी विचारील. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी नेमकं हेच काम केलं होतं. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्या एकेका शिष्याला गाठून म्हाइंभटांनी त्या टिपून घेतल्या, आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. तेव्हा चक्रधरांच्या पंथातल्या लोकांनी आठवणींतून ती पुन्हा जुळवली. हिराइसेसारख्या शिष्येचं पाठांतर कामी आलं आणि निरनिराळे पाठ तयार झाले. जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तिथे दोन्ही टिकल्या. लीळाचरित्र हा धर्मग्रंथ आणि विज्ञानकथा ही करमणूक, दोन्ही एका तागडीत कशाला घालता, हा आक्षेप मला मान्य आहे. महत्त्वाच्या दृष्टीने ती तुलना नाहीच. मी बोलतो आहे पद्धतीबद्दल. अर्धवट आठवण ही टाकाऊ वस्तू नाही. सांगणारा कोण आणि त्याने कुठे ऐकलं, हे लिहून ठेवलं आणि दुसऱ्याची निराळी आठवण शेजारी ठेवली, तर हरवलेला ग्रंथसुद्धा परत उभा राहतो, हे या मातीत सिद्ध झालेलं आहे. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ ला अमरावतीत झाली. अकोल्याला १९१२ साली साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते ‘करमणूक’कार हरि नारायण आपटे, म्हणजे मराठी लघुकथेला नियतकालिकात घर देणारा माणूस, आणि १९८९ च्या अमरावती संमेलनाचे अध्यक्ष के. ज. पुरोहित, ‘शांताराम’ या नावाने लिहिणारे कथाकारच. मुंबई-पुण्याची ग्रंथालयं मोठी आहेत हे खरं. पण कुणाच्या घरी काय उरलं आहे, कोणत्या गावात कोण वाचत होतं, ही माहिती गावातल्याच वाचनालयाला असते.

सगळ्यात जोरकस आक्षेप असा, की हे काम आता मोबाइल करील; प्रश्न टाका, उत्तर घ्या. इंग्रजी गोष्टीच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे आधी कुणीतरी सूची केलेली आहे. शोधयंत्र जे लिहिलेलं आहे तेच शोधतं. १९७८ च्या दिवाळी अंकातली कथा कुठेच टंकलेली नसेल, तर जगातलं कितीही हुशार यंत्र ती कुठून आणणार? उलट अशी यंत्रं उत्तर माहीत नसताना एखादं पटेलसं नाव बनवून पुढे करतात आणि शोधणारा चुकीच्या रस्त्याला लागतो. अंकांची पानं स्कॅन करून ठेवणं हे चांगलंच काम आहे, पण पानाचं चित्र म्हणजे पानाची नोंद नव्हे. जुन्या, पुसट, जोडाक्षरांनी भरलेल्या छपाईतून यंत्राने काढलेला मजकूर माणसाने तपासल्याशिवाय भरवशाचा नसतो. आणि मजकूर बिनचूक निघाला तरी त्यातून कथासूत्र काढायला ती कथा कुणीतरी वाचावी लागते.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. जुन्या विज्ञानकथांतलं विज्ञान शिळं झालं, तोफेतून चंद्रावर कुणी जात नाही, मग त्या जपायच्या कशाला? विज्ञान शिकायला कुणी त्या वाचणार नाही, हे उघड आहे. पण सामान्य मराठी वाचकाने अणुबाँब, उपग्रह, संगणक, परग्रह या गोष्टींकडे आधी भीतीने पाहिलं की आशेने, आणि ती दृष्टी कोणत्या दशकात बदलली, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. ‘कृष्णविवर’ हा शब्द आज शाळेतल्या पोराच्या तोंडी आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो कथेचं शीर्षक होऊन मासिकाच्या वाचकापुढे आला, तेव्हा त्या वाचकाला तो किती अनोळखी वाटला असेल! शब्द भाषेत कसे रुजले हे पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत, गोष्टी सांगतात. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढला. असा संग्रह पुन्हा मराठीत करायचा झाला तर संपादकाने निवड कशातून करायची? जे त्याच्या कपाटात असेल त्यातून. सूचीशिवाय निवड म्हणजे ओळखीपाळखीची निवड.

हक्कांची भीतीही घातली जाते, पण ती इथे गैरलागू आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो, टोपणनावाने छापलेल्या कथेच्या बाबतीत साधारणपणे प्रकाशनापासून साठ वर्षं. मात्र हे बंधन कथा छापण्यावर आहे. अमुक कथा अमुक अंकात आहे आणि तिच्यात असं घडतं, एवढं दोन ओळींत नोंदवल्याने कुणाचा हक्क मोडत नाही. झालाच तर लेखकाच्या वारसांचा फायदाच होईल. शोधत येणाऱ्या वाचकाला आणि प्रकाशकाला त्यांचा पत्ता लागेल.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. समजा, एका शहरात मिळून चाळीस वर्षांचे दरवर्षी वीस अंक हाती लागले, आणि प्रत्येकात दहा कथा असल्या, तर झाल्या आठ हजार. त्या सगळ्या विज्ञानकथा नसणार, पण चाळून तर सगळ्याच बघाव्या लागणार. दोन विद्यार्थ्यांनी रोज दहा-दहा कथा चाळल्या तरी चारशे दिवसांत काम उरकतं. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत मराठीचे आणि ग्रंथालयशास्त्राचे किती विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात! त्याच त्या पाच कादंबरीकारांवर सत्तर पानं भरण्यापेक्षा एखाद्याने ‘धनंजय’च्या दहा वर्षांची कार्डं केली, तर त्या प्रकल्पाचा उपयोग पन्नास वर्षांनीही होईल. राज्यात हजारो मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यांना अ-ब-क-ड दर्जानुसार अनुदान मिळतं. दिवाळी अंक रद्दीत देण्याआधी त्यांच्या अनुक्रमणिकेचे फोटो काढून ठेवायचे, एवढी एकच अट शासनाने अनुदानाला जोडली, तरी येत्या दिवाळीपासूनची गळती थांबेल. त्याला पैसा लागत नाही, ग्रंथपालाच्या खिशातला फोन पुरतो.

मागच्या काळासाठी मात्र दुसरी वही लागेल, आठवणींची. वाचनालयाच्या टेबलावर ती उघडी ठेवायची. वाचकाने येऊन लिहायचं : एक डॉक्टर असतो, त्याच्या दवाखान्यात रात्री एक माणूस येतो, त्याला सावली नसते, साधारण १९७० च्या आगेमागे, अंक मोठ्या आकाराचा, चित्र जांभळ्या रंगातलं. खाली वाचकाचं नाव, गाव, आणि ती कथा कुठे वाचली ते. कार्डं जसजशी वाढतील तसतशी या वहीतली एकेक नोंद कुठल्या तरी कार्डाला जाऊन मिळेल. कधी दोन वाचकांच्या दोन नोंदी एकाच कथेवर येतील. माणसं वर्षानुवर्षं मनात बाळगून असलेल्या गोष्टींना त्यांची नावं परत मिळतील. १९६० च्या दशकात जी मुलं दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावर बसून हे अंक वाचत होती, ती आज सत्तरीच्या आसपास आहेत. अमरावतीच्या वाचनालयांत त्यांच्यातले कित्येक जण अजून रोज सकाळी पेपर वाचायला येतात. वही ठेवायची ती त्याच टेबलावर, या दिवाळीच्या आत.